कुळांचं झालं, कातकऱ्यांचं राहिलं

आमच्या घरी दिवाळी सरली की एक दिवस कडूकंद शिजायचा. कुणाला आवडायचा म्हणून नव्हे. डब्यात करंज्या-चकल्या अजून शिल्लक असायच्या आणि आजी मधेच हे काढायची, म्हणून आम्ही पोरं तोंडं वाकडी करायचो. ती बधायची नाही. प्रत्येकाच्या ताटलीत दोन-दोन फोडी पडायच्याच. "संपाचा परसाद हाय, खावा गप," एवढंच म्हणायची आणि स्वतः मिठाचा खडा लावून सावकाश चघळत बसायची.

कडूकंद नुसता उकडून खाता येत नाही. तसा खाल्ला तर घसा धरतो, ओकाऱ्या होतात. त्याच्या पातळ चकत्या करायच्या, चुलीतल्या राखेच्या पाण्यात उकळायच्या, मग परडीत भरून वाहत्या ओहोळात रात्रभर ठेवायच्या. सकाळी चाखून बघायच्या. कडूपणा उरला असेल तर पुन्हा राख, पुन्हा ओहोळ. हा खटाटोप मूळचा आम्हां आगऱ्यांचा नव्हे. तो आजीला शिकवला कातकरवाडीवरच्या एका म्हातारीनं, संपाच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी. वर्षाचं आजीला नक्की सांगता यायचं नाही. ती तेव्हा नवी नवरी, वय फार तर चौदा-पंधरा. आणि मी लहानपणी जिला 'वाडीवरची म्हातारी' म्हणून ओळखत होते, ती बहुधा त्या म्हातारीची लेक. आजीच्या गोष्टींत मायलेकींची सरमिसळ व्हायची आणि आम्हीही ती कधी सोडवायला गेलो नाही.

संप म्हणजे चरीचा संप. आमचं गाव त्याच खारेपाटातलं, चरीपासून चालत तासाभराच्या अंतरावर. अलिबागकडे येणारे लोक हल्ली किनाऱ्यावरची सुरूची झाडं बघून परत जातात. खारेपाट त्यांना दिसत नाही. खाडीच्या कडेची ही जमीन पूर्वजांनी समुद्राकडून हिसकावून घेतली आहे. बाहेरून चिखलाचा मोठा बांध, त्याला जागोजागी उघाड्या, भरतीला बंद आणि ओहोटीला पावसाचं गोडं पाणी बाहेर सोडायला उघड्या. आत भाताची खाचरं. मातीत मीठ असायचंच, म्हणून काळा राता, भुरा राता असल्या खारं सोसणाऱ्या जाती. लालसर भात, पेज करावी तर गुलाबी. आजोबा म्हणायचे, राता खाल्लेल्या माणसाला दुपारपर्यंत भूक लागत नाही. खरंखोटं देव जाणे. हल्लीचा पांढराशुभ्र तांदूळ खाऊन मला तर अकरालाच भूक लागते.

तर हा बांध दरसाल शिमग्यानंतर डागडुजीला यायचा. खाडीतला चिकण चिखल कापून, त्याचे गोळे हातोहात पुढे देत बांधावर चढवायचे. एका वर्षी हयगय झाली की उधाणाला खांड पडायची आणि पीक तर जायचंच, वर दोन-तीन वर्षं जमीन खारावून बसायची. बांध घालायचा कुळांनी, राखायचा कुळांनी. जमीन मात्र खोताची.

खोत आणि कूळ यांच्यात दरसाल एक कागद व्हायचा, कबुलायत. आजोबांना वाचता यायचं नाही. अंगठा उठवायचा आणि घरी यायचं. कागदात काय असतं, ते झोडणी झाल्यावर खळ्यावर कळायचं. अर्धं पीक खोताचं. वर मागच्या वर्षीची थकबाकी, तिच्यावर सवाई-दिढी. बांधावर तूर-वाल लावले तर त्यातही वाटा. घरामागे लावलेल्या आंब्याची फळंसुद्धा खोताचीच. खोताकडे लग्न निघालं की मांडवाला माणसं फुकट, कोंबडं फुकट, लाकडं फुकट. माप घालणारा माणूस खोताचाच आणि त्याचा अंगठा पायलीच्या आत असायचा की बाहेर, यावर आमच्या घरात कितीतरी संध्याकाळी गेल्या असतील. आजोबा हातात रिकामी पायली घेऊन आम्हाला ते करून दाखवायचे. अंगठा आत घातला की पायलीमागे मूठभर भात इकडचा तिकडे होतो. खंडीचा हिशोब तुम्हीच करा.

आणखी एक गोष्ट ते आवर्जून सांगत. दोन-तीन वर्षं झाली की खोत खाचरं बदलायचा. या कुळाचं त्याला, त्याचं याला. एकाच तुकड्यात माणूस मुरला की उद्या हक्क सांगेल, ही धास्ती. म्हणजे आपण खत घालून, राब भाजून जमीन सुधारायची आणि ती पिकू लागली की दुसऱ्याच्या हाती द्यायची. "आपलं पोर वाडवायचं नि दुसऱ्याला द्यायचं," आजी म्हणायची.

२७ ऑक्टोबर १९३३ ला चरीत सभा झाली. नारायण नागू पाटील पुढारी. पंचवीस गावांनी ठरवलं, की खंड रीतसर ठरल्याशिवाय, वेठ बंद झाल्याशिवाय, कुळाची नोंद झाल्याशिवाय खोताची जमीन कसायची नाही. गिरणीतला संप सगळ्यांना ठाऊक असतो. तिथे यंत्र थांबतं. इथे भरल्या पावसात जमीन पडीक ठेवायची होती. शेतकऱ्याला ते किती जड जात असेल, ते ज्यानं मृगाच्या सरीनंतर मातीचा वास घेतलाय त्यालाच कळेल. आणि हे एक वर्ष नव्हे. सहा वर्षं, १९३९ पर्यंत.

सहा वर्षं लोक जगले कसे? पुस्तकांत याचं उत्तर एका ओळीत असतं. आजीकडे ते ऋतूवार होतं. पावसाच्या सुरुवातीला चिवणी, अंड्यांनी भरलेली. मग चिंबोऱ्या. ओहोटीला चिखलात निवट्या. पळत्या निवटीला हातानं धरणं हे पोरांचं काम. सुका जवळा बारा महिने. थंडीत कालवं. उन्हाळ्यात करवंदं आणि डोंगरातून आणलेल्या लाकडांच्या मोळ्या. कनकेश्वराच्या बाजूच्या रानात पहाटे जायचं, मोळी बांधायची, डोक्यावरून अलिबागच्या बाजारात न्यायची, येताना तांदळाची कणी आणायची. आजीच्या डोक्यावर टाळूपाशी एक चपटा भाग होता. केस विंचरताना ती तो आम्हाला हात लावून बघू द्यायची.

पण मासळी होती, लाकडं होती, तरी कणीला पैसे पुरायचे नाहीत. तिथेच वाडीवरची म्हातारी येते. आगरी माणूस खाडीचा आणि खाचराचा. डोंगर त्याला लाकडापुरता ठाऊक. कुठला वेल खणायचा, कुठला सोडायचा, करांदा कुठे मिळतो, कडूकंदाचं विष कसं उतरवायचं, हे कातकऱ्यांचं ज्ञान. ती म्हातारी आगऱ्यांच्या बायकांना घेऊन रानात गेली आणि काठीनं जमीन उकरून तिनं ते दाखवलं. एरवी आमच्या बायका कातकरणीला ओटीच्या वर येऊ देत नसत. भाकरी द्यायची तीही लांबून, पाणी वरून ओतून. त्या वर्षी मात्र तिच्या हातचं निवडलेलं, तिनं सांगितलं तसं शिजवलेलं घराघरात खाल्लं गेलं. आजी हे सांगताना कधी लाजायची नाही आणि मिरवायचीही नाही. "भूक लागली की सोवळं पळतं," म्हणून पुढच्या गोष्टीला लागायची.

आता मला जे सांगायचं आहे ते इथे येतं. संप कुळांचा होता. कातकऱ्यांना कुणी विचारलं होतं? खोताची जमीन पडीक पडली म्हणजे कुळाचं अर्धं पीक गेलं, हे खरं. पण कातकऱ्याचं तर अख्खं सालच गेलं. लावणीची मजुरी नाही, कापणीची नाही, बांधाचं काम नाही, खळ्यावर झोडणीनंतर मिळणारं सूपभर भात नाही. त्याच्याकडे ना जमीन, ना कबुलायत, ना मागणी. त्याची मागणी ऐकायला कुणी सभा भरवली नाही. संप मोडायला खोतानं वाडीवर निरोप पाठवला होता, दीडपट मजुरी देतो, नांगर धरा. यापुढची गोष्ट आमच्या घरात दोन तऱ्हांनी सांगितली जायची. आजोबा म्हणत, एकही कातकरी गेला नाही. आजी म्हणायची, "गेलंवतं दोन-चार. जातील नाय त काय? त्यांच्या पोरांना काय डोंगर खायाला घालायचा?" मग आजोबा रागानं उठून बाहेर जात. मला आजीचं म्हणणं जास्त पटतं आणि त्यानं कातकरी माझ्या लेखी उणे होत नाहीत.

आजोबांच्या दोन ठेवणीतल्या आठवणी होत्या. पहिली, बाबासाहेब आंबेडकर १९३४ साली चरीला आले तेव्हाची. आजोबा सभेला होते, एवढं सगळ्यांना मान्य. पण दर खेपेला गोष्टीत काहीतरी बदलायचं. कधी ते पहिल्या रांगेत असायचे, कधी आंब्याच्या झाडावर. भाषणातलं त्यांना एकही वाक्य आठवत नसे. "मानूस मोठा, पन आवाज न चढवता बोलत व्हता," हे मात्र ठरलेलं. दुसरी आठवण मुंबईची. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं आणि त्याच्या पाठीशी १९३८ च्या जानेवारीत वीस-पंचवीस हजार शेतकऱ्यांचा मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला. आजोबा रेवसहून बोटीनं गेले. मोर्चात काय झालं, विचारलं तर ते ट्रामबद्दल बोलायचे. बैल नाही, घोडा नाही आणि गाडी चालते. खांद्यावर घोंगडी, हातात काठी, पायात काही नाही, अशी हजारो माणसं मुंबईच्या रस्त्यावर चालताहेत आणि गॅलरीतून बायका बघताहेत. त्यांतल्या एकीनं वरून पाण्याचा तांब्या सोडला. इतिहासात तो तांब्या कुठे सापडायचा?

१९३९ मध्ये मुंबई सरकारनं कुळांचा पहिला कायदा केला, संरक्षित कूळ ही गोष्ट कागदावर आली आणि संप मिटला. मग स्वातंत्र्य. १९४८ चा कूळवहिवाट कायदा. १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा, जो पुढच्या वर्षी लागू झाला. हे सगळं भराभर लिहून टाकता येतं, पण मधली वर्षं भराभर गेली नाहीत. कायदा येतोय हे खोताला कुळाच्या आधी कळायचं. ठिकठिकाणी कुळांकडून राजीनामे लिहून घेतले गेले: आम्ही राजीखुशीनं जमीन सोडत आहोत. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या दांडेकर आणि खुदानपूर यांनी कूळवहिवाट कायद्याच्या अंमलाची पाहणी करून १९५७ साली अहवाल काढला, त्यात या 'राजीखुशी'चं पितळ उघडं पडलं. आमच्या भागात संपानं माणसं ताठ झाली होती म्हणून थोडं वाचलं. तरी आजोबांच्या धाकट्या भावाचा अंगठा एका कागदावर गेलाच आणि त्याची पोरं पुढे मुंबईच्या गोदीत हमालीला लागली. एका घरातले दोन भाऊ, एकाचा वंश शेतकरी आणि दुसऱ्याचा चाकरमानी, तो एवढ्या एका अंगठ्यानं.

१ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी जो जमीन कसत होता तो कायद्यानं तिचा मालक मानला गेला. आजी म्हणायची, त्या दिवशी काहीच झालं नाही. कुणी ढोल वाजवला नाही. वाजवणार कशाला, बातमी कळायलाच पावसाळा आला. नंतर सुरू झाल्या कूळकायद्याच्या कलम बत्तीस गच्या केसेस. खारेपाटात आजही कुणाला 'बत्तीस ग' म्हणा, अर्थ सांगावा लागत नाही. चावडीत शेतजमीन न्यायाधिकरण बसायचं, कूळ आणि मालक समोरासमोर, साक्षी, पीकपाहणीचे उतारे, आणि मग किंमत. जमिनीच्या आकाराच्या, म्हणजे सरकारी साऱ्याच्या, वीसपट ते दोनशेपटीच्या दरम्यान ती ठरायची आणि हप्त्यांनी भरायची. आमचे हप्ते वडील नोकरीला लागेपर्यंत चालले होते. त्यातल्या एकासाठी आजीच्या पाटल्या गेल्या. त्या कुणाकडे गेल्या ते तिला ठाऊक होतं आणि त्या घरच्या लग्नात ती कधी जेवली नाही.

शेवटी बत्तीस मचा खरेदीचा दाखला आला. पत्र्याच्या पेटीत, लाल फडक्यात, चलनांच्या पावत्यांसकट तो असायचा. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव लागलं. आजीचं लागलं नाही. पाटल्यांची नोंद सातबाऱ्यावर करायला रकाना नसतो. तिचं नाव आलं ते आजोबा गेल्यावर, वारस म्हणून.

वाडीवरची म्हातारी (ही नक्की लेकच) तेव्हा एकदा ओटीवर येऊन बसली होती. हो, ओटीवर, संपानंतर तेवढं बदललं होतं. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. त्यांच्याकडे कायद्याची एक पिवळी पडलेली पुस्तिका होती. म्हातारीनं विचारलं, "मास्तर, तुमचं झालं. आमाला कंचा कायदा?" वडिलांनी पुस्तिका उघडून कलम चौथं काढलं. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ, पण मालकाच्या देखरेखीखाली मजुरीवर राबणारा तो कूळ नव्हे. वडील मोठ्यानं वाचत होते आणि वाचता वाचता त्यांचा आवाज खाली गेला, असं ते स्वतःच पुढे सांगायचे. कारण म्हातारीच्या आईबापानं आमच्याच खाचरात चिखल तुडवला होता, आमच्याच बांधावर गोळे वाहिले होते. पण रोजच्या पायलीभर भातावर. वाट्यानं नव्हे. अर्ध्या वाट्यावर राबला तो कूळ झाला, पायलीवर राबला तो मजूर राहिला. हाताला पडलेले घट्टे दोघांचे सारखेच.

कायद्यात भूमिहीनांचा उल्लेख नव्हता असं नाही. कूळ चुकलं, हप्ते थकले, खरेदी फिसकटली, तर त्या जमिनीची विल्हेवाट कशी लावायची याचा क्रम होता आणि त्या क्रमात पुढे कुठेतरी शेतमजूर आणि भूमिहीन होते. म्हणजे कातकऱ्याला जमीन मिळायची तर आधी आमचं बुडायला हवं होतं. आम्ही पाटल्या विकल्या आणि बुडलो नाही.

विनोबा आमच्याच जिल्ह्याचे. पेण तालुक्यातल्या गागोद्याला त्यांचा जन्म. १९५१ च्या एप्रिलात तेलंगणातल्या पोचमपल्लीला त्यांना शंभर एकर दान मिळालं आणि भूदान सुरू झालं, तेव्हा आमच्याकडे लोकांना त्याचं कोण अप्रूप! आपला माणूस पायी हिंडतो आणि जमीन मागतो. वडील सांगायचे, आमच्या गावातूनही एकानं डोंगरउताराचा तुकडा दिला होता. त्यावर कातळ किती आणि माती किती हे बघायला कुणी गेलं नाही. तो पुढे कुणाच्या नावावर गेला, हे वडिलांनाही धड सांगता यायचं नाही. मग १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा आला. लोक त्याला सीलिंगच म्हणतात. १९७५ ला मर्यादा आणखी खाली आणली, बारमाही बागायत अठरा एकर, जिरायत चोपन्न. देशावर त्यातून काही निघालं असेल. आमच्या कोकणात कूळकायद्यानंतर चोपन्न एकर शिल्लक होती कुणाकडे? दोन-अडीच एकरांच्या खातेदारांत सीलिंग काय शोधणार?

कातकऱ्यांना थोडी जमीन कसायला मिळाली ती डोंगरात. दळी जमिनी म्हणतात त्यांना. इंग्रजांच्या काळापासून वनखात्याच्या हद्दीत गटानं नाचणी-वरी करायला दिलेले तुकडे. मालकी नाही, सातबारा नाही. १९७०-८० नंतर रायगडमधल्या जनसंघटनांनी या दळ्यांसाठी वर्षानुवर्षं मोर्चे काढले आणि २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर कुठे त्यांतल्या काही जमिनींचे दावे मार्गी लागू लागले. आमची वाडी मात्र डोंगराच्या पायथ्याला, खाचरांच्या कडेला. तिच्या वाट्याला दळीही नाही. माणसं दिवाळीनंतर कोळशाच्या भट्टीवर नाहीतर वीटभट्टीवर जातात. उचल घेतलेली असते, ती फेडता फेडता पावसाळा येतो. पोरांची शाळा तिथेच तुटते. आगऱ्यांच्या पोरांना संपाचे पोवाडे, पुतळे आणि २७ ऑक्टोबरचा मेळावा आहे. या पोरांना त्याच सहा वर्षांतली आपली बाजू कुणी सांगत नाही.

२००८ मध्ये शेजारच्या पेण तालुक्यात सेझविरुद्धचा लढा पेटला. २१ सप्टेंबरला बावीस गावांतल्या शेतकऱ्यांचं मत घेतलं गेलं. जमीन देणार की नाही? माझा मामेभाऊ रात्र रात्र गावं फिरत होता. त्याच्या तोंडी भाषा तीच, आजोबांची. जमीन आमची आई, बांध आमच्या बापजाद्यांनी घातला. मला त्याचा अभिमान वाटला, आजही वाटतो. पण मत विचारायचं ते ज्याची जमीन जाणार त्याला. ज्याचं काम जाणार, झोपडी जाणार, त्याला कोण विचारतो?

आता तर गोष्ट फारच पुढे गेली आहे. आमच्याकडे जमीन गुंठ्यात बोलतात आणि गुंठा लाखांत. बांधाची डागडुजी कुणी करत नाही. सरकारचं खारभूमी खातं करील म्हणून वाट बघतात आणि खांड पडली की कित्येक खाचरं खाडीच होऊन जातात. त्यात कुणी जिताडा मासा सोडतो, कुणी दलालाचा फोन येण्याची वाट बघतो. कूळकायद्याच्या जमिनी कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाहीत, ही कलम त्रेचाळीसची अट आमचा एक कुंपणवजा आधार होता. २०१४ ला ती सैल झाली. दाखल्याला दहा वर्षं उलटली असली की आकाराच्या चाळीसपट रक्कम भरायची. आमचा आकार इतका किरकोळ, की ती रक्कम एका जिताड्याच्या किमतीत निघावी. संपातून, पाटल्यांतून आलेली जमीन सोडवायला एवढंच लागतं.

आणि आमच्या त्या जमिनीत, डोंगराकडच्या अंगाला, वाडी उभी आहे. खोताच्या काळापासून तिथेच आहे. खोताला तिथे राखणीला माणसं हवी होती, म्हणून बसवली. मग जमीन आमची झाली तशी वाडीखालची जागाही आमच्या सातबाऱ्यात आली. आजोबांनी किंवा वडिलांनी कधी त्यांना उठवलं नाही, भाडं मागितलं नाही. पण कागद करून दिला नाही, हेही तितकंच खरं. कुणाच्या मनात आलं नसेल. २०२३ च्या नोव्हेंबरात जनमन योजना आली. कातकरी, कोलाम, माडिया या अतिमागास मानल्या गेलेल्या जमातींसाठी पक्की घरं, रस्ते, पाणी. वाडीतल्या लोकांची नावं घरकुलाच्या यादीत लागली. मग विचारणा झाली, जागेचा कागद आणा. तो त्यांच्याकडे नव्हता. होता तो आमच्याकडे.

त्याच सुमारास मुंबईच्या एका पार्टीनं आमच्या जमिनीला भाव लावला. अट एकच, वाडी हलवून द्यायची. माझे चुलतभाऊ वाईट माणसं नाहीत. मुलींची लग्नं आहेत, पोरांची शिक्षणं आहेत, भाताला परवडत नाही. सगळं खरं. आम्हा बहिणींच्या नावानं हक्कसोडपत्राचा मसुदा घरी आला. सोबत मिठाईचा पुडा होता. थोरला दादूस फोनवर म्हणाला, "बाय, तुझी सही म्हणजे काय, उपचार." मी त्याला विचारलं, तुला कडूकंद आठवतो का? तो हसला. त्याला आठवतो, फोडी माझ्या ताटलीत ढकलायचा तोच.

मी सही केलेली नाही. वाडीखालची जागा मोजून, पोटहिस्सा पाडून वाडीतल्या कुटुंबांच्या नावावर करा, त्यांतल्या बायकांची नावंही लावा, मग उरलेल्यावर मी सही करते, असं मी कळवलं आहे. एका बहिणीनं साथ दिली, दुसरीनं नवऱ्याला विचारून सांगते म्हटलं. मोजणीचा अर्ज दिला आहे, तारीख पडायची आहे. दादूस सध्या माझ्याशी बोलत नाही.

खारेपाटात असं घर आमचं एकटंच नव्हे. तुमच्या पेटीतही बत्तीस मचा दाखला असेल आणि तुमच्या सर्व्हे नंबरात एखादी वाडी उभी असेल. घरकुलाची मंजुरी आहे तोवर त्या लोकांना जागेचा कागद करून द्या. फार तर चार-पाच गुंठे जातील.